नाण्यावरचा देव: कोणी बसवला, कोणी उतरवला

कोकणातल्या बऱ्याच जुन्या घरांत देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक जाडसर, पिवळट नाणं असतं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती. दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आणा’ आणि १८१८ हे साल. लक्ष्मीपूजनाला ते दुधापाण्याने धुवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि परत जागेवर ठेवायचं. हल्ली दिवाळीच्या सुमारास त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही फिरतो. खाली मजकूर असतो, ‘इंग्रजसुद्धा रामाचं नाणं पाडत होते.’ मग ग्रुपवरचा कोणीतरी त्याचा भाव लाखात सांगतो.

ते चलनी नाणं नाही. तीर्थाच्या ठिकाणी विकल्या जाणाऱ्या रामटंक्यांच्या, म्हणजे पूजेसाठीच्या रामाच्या मुद्रांच्या, धर्तीवर नंतर कोणीतरी पाडलेली ती मुद्रा आहे. १८१८ साली कंपनीने असं काही चलनात आणलेलं नाही. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची नाणी तेव्हा वेगवेगळी होती, सगळीकडे एकसारखं नाणं आलं ते १८३५ पासून. देव्हाऱ्यात ठेवायला अर्थातच काही हरकत नाही. फक्त लाखात कोणी विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

गंमत अशी, की व्हॉट्सॲपवरचा मजकूर रामाच्या बाबतीत खोटा असला तरी देवांच्या बाबतीत साफ खोटा नाही. मद्रासकडे कंपनीने सोन्याचे पॅगोडे, म्हणजे आपले होन, पाडले आणि त्यांवर विष्णूची मूर्ती होती. एका प्रकारावर तर देव आणि त्याच्या दोन्ही बाजूंना देवी अशा तीन आकृती होत्या. कंपनीचे गोरे कारभारी वैष्णव झाले होते असं नाही. विजयनगरच्या होनांवर उमा-महेश्वर, लक्ष्मी-नारायण असायचे. दक्षिणेतला व्यापारी तसलं नाणं पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होता आणि कंपनीला त्याच्याशी धंदा करायचा होता.

पैशावरच्या देवाचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट वारंवार दिसत आली आहे. देवाचं नाव नाण्यावर घालायची घाई बहुधा सत्तेला असते, तीही तिची मांड पक्की नसताना. आणि ‘ते नाव काढा’ असं म्हणणारे नेहमी नास्तिकच असतात असं नाही. त्यांत काही नको तितके धार्मिक लोकही निघतात.

आधी नाणं चालतं कसं ते पाहू. नाण्याला दोन गोष्टी लागतात, धातू आणि छाप. धातू ही किंमत आणि छाप ही हमी. ‘याचं वजन आणि कस मी तपासला आहे, तुम्ही पुन्हा तपासत बसू नका,’ असं कोणीतरी सांगतोय, हा छापेचा अर्थ. तो कोणीतरी म्हणजे राजा. राजाला कोणी नेमलं, तर देवाने. एवढं सगळं बोटाच्या पेराएवढ्या जागेत सांगायचं म्हणून नाण्यावर देव येतो. वर्तमानपत्रं नव्हती तेव्हा गादीवर कोण आलं हे खेड्यातल्या माणसाला कळायचं ते हातात पडलेल्या नाण्यावरून.

सातव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट फार ठळकपणे घडली. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा जस्टिनियन याने सोन्याच्या नाण्यावर दर्शनी बाजूला येशूचा चेहरा आणला, सोबत ‘राज्य करणाऱ्यांचा राजा’ असे शब्द. स्वतः सम्राट मागच्या बाजूला गेला, ‘ख्रिस्ताचा सेवक’ म्हणून. त्याच दशकात दमास्कसला खलिफा अब्द अल-मलिक नाण्यांवर वेगवेगळे प्रयोग करत होता. आधी त्याच्या नाण्यावर तलवारधारी खलिफाची उभी आकृती होती. हिजरी ७७ साली, म्हणजे इसवी सन ६९६-९७ मध्ये, त्याने चित्र काढूनच टाकलं आणि दिनारवर फक्त अक्षरं ठेवली. एक अल्लाह, त्याला कोणी भागीदार नाही, मुहंमद त्याचा प्रेषित. ही अक्षरी नाण्याची परंपरा पुढे शतकानुशतके चालली आणि सुलतानांबरोबर हिंदुस्थानातही आली.

इथे आल्यावर तिला थोडं वाकावं लागलं. महमूद गझनीने १०२७-२८ च्या सुमारास लाहोरकडे पाडलेल्या चांदीच्या दिऱ्हमवर एका बाजूला अरबी कलमा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, आणि दुसऱ्या बाजूला त्याचंच संस्कृत रूप आहे, ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. देवळं फोडणारा म्हणून ज्याचं नाव आपण शाळेत पाठ केलं, त्याच्या टांकसाळीत प्रेषिताला अवतार म्हटलं गेलं. मुहंमद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर तर बसलेली लक्ष्मी आहे आणि त्याचं नाव नागरीत. अकबराने सुरुवातीला कलमा ठेवला, नंतर ‘अल्लाहु अकबर’ आणलं आणि अखेरच्या वर्षांत राम-सीतेच्या चित्राचं, वर नागरीत ‘राम सीय’ लिहिलेलं एक नाणं पाडलं. खरं रामाचं नाणं हवंच असेल तर ते हे. देव्हाऱ्यात मात्र ते सापडायचं नाही.

आणि मग औरंगजेब. त्याने गादीवर आल्यावर नाण्यांवरचा कलमा बंद केला. कारण काय, तर नाणं कोणाच्याही हातात जातं, पायाखाली येतं, काफरांच्या कमरेला लागतं, आणि त्याने पवित्र शब्द विटाळतात. त्याऐवजी ‘पौर्णिमेच्या चंद्रासारखं तेजस्वी नाणं आलमगीराने जगात पाडलं’ अशा अर्थाच्या फारसी ओळी आल्या. सोन्याच्या नाण्यावर चंद्राच्या जागी सूर्य. म्हणजे मोगलांमधल्या सर्वांत कडव्या बादशहाने देवाचं नाव उतरवलं आणि स्वतःचं चढवलं.

आपल्या किनाऱ्यावर या सगळ्याचे नमुने एकाच वेळी नांदत होते. वास्को द गामा परतल्यावर १४९९ पासून पोर्तुगालच्या राजाने ‘पोर्तुगीज’ नावाचं सोन्याचं मोठं नाणं पाडलं. त्यावर क्रूस, त्याभोवती ‘या चिन्हाने तू जिंकशील’ असं लॅटिन वचन, आणि पलीकडच्या बाजूला राजाची बिरुदावली, त्यात हिंदुस्थानच्या व्यापाराचं आणि समुद्रसंचाराचं स्वामित्व. पुढे गोव्यात पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांवर संत थॉमस आला. याच्या उलट टोकाला लारी. इराणच्या लार गावाचं नाव घेऊन आलेली ही चांदीची तार, मधोमध दुमडून केसात खोचायच्या आकड्यासारखी केलेली. आदिलशाहीतही ती पाडली गेली आणि दाभोळसारख्या बंदरांतून ती अरबी समुद्रभर फिरली. तिच्यावर अक्षरांचा छाप मारत, पण तार इतकी बारीक की अर्धी अक्षरं बाहेरच राहत. कोणाचं नाव, कोणतं साल, काही धड वाचता यायचं नाही. तरी इराणपासून मालदीव आणि लंकेपर्यंत लारी घेतली जायची, कारण तार कापली की आत चांदी दिसायची. देवाच्या नावाची भिस्त किती आणि धातूची किती हे समजायला लारीसारखं उदाहरण नाही.

मुंबईत इंग्रजांना हे शिकायला वेळ लागला. गव्हर्नर जेराल्ड आँजिए याच्या काळात, १६७२ साली, कंपनीने मुंबईच्या टांकसाळीत ‘अँग्लिना’ नावाचा चांदीचा रुपया पाडला. त्यावर लॅटिनमध्ये कोरलं होतं, ‘शांती आणि भरभराट देवाकडून’. काही वर्षांनी दुसऱ्या एका रुपयावर मधोमध दोनच लॅटिन शब्द आले, शांती आणि देव. वाचणार कोण होतं? भायखळ्याचा भंडारी की पनवेलचा वाणी? मुंबई बेटाबाहेर हे रुपये फारसे चालले नाहीत. अखेर १७१७ साली बादशहा फर्रुखसियरकडून परवानगी मिळवून कंपनीने त्याच्या नावाचे फारसी रुपये मुंबईत पाडायला घेतले, आणि ते खपले.

अँग्लिना रुपयाच्याच सुमाराची रायगडावरची एक गोष्ट मला फार आवडते. १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन कंपनीचा वकील म्हणून हजर होता. त्याच्या तहाच्या मसुद्यात एक कलम असं होतं, की इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलुखात चालावीत. उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा: आम्ही कोणत्याही नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचा तोटा आहे ते नाणं घ्यायची जबरदस्तीही तिच्यावर करणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला मोगली नाण्याच्या तोडीचं असेल तर चालेल. छापेवर काय लिहिलंय याची चौकशीसुद्धा नाही. महाराजांच्या स्वतःच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढंच आहे, नागरीत. भवानीचं किंवा शंभू महादेवाचं चित्र घालता आलं असतं, घातलं नाही. तो तांब्याचा पैसा पुढे दोनशे वर्षं गावोगावच्या बाजारात चालला.

पेशवाईतला अंकुशी रुपया त्याहून चमत्कारिक. हिंदुपदपातशाहीच्या ऐन भरातल्या या रुपयावर मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या मुसलमान बादशहाचं. आपली खूण म्हणून कोपऱ्यात एक छोटा अंकुश. सराफाला जो छाप ओळखीचा तो ठेवायचा, नाहीतर बट्टा बसतो. इंदूरकडे अहिल्याबाईंनी नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान आणलं. पंजाबात शिखांनी तर राजाऐवजी गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंगांच्या नावे रुपया पाडला. पण सगळ्यांना तसं करावंसं वाटलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

इंग्लंडच्या नाण्यांवर राजाच्या नावापुढे ‘देवाच्या कृपेने’ आणि ‘धर्मरक्षक’ अशी लॅटिन अक्षरं असतात, आज तिसऱ्या चार्ल्सच्या नाण्यांवरही आहेत. यातलं ‘धर्मरक्षक’ हे बिरुद पोपने १५२१ साली आठव्या हेन्रीला दिलं, पोपला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहिल्याबद्दल. हेन्रीने पुढे पोपशीच फारकत घेतली आणि बिरुद मात्र सोडलं नाही. १८४९ साली व्हिक्टोरिया राणीचं दोन शिलिंगांचं फ्लोरिन नावाचं नवं नाणं आलं, त्यावर ही दोन्ही बिरुदं नव्हती. केवढा गहजब झाला! लोक त्याला ‘देवाविना फ्लोरिन’ म्हणू लागले. त्या साली कॉलऱ्याची साथ होती, तीही या नाण्यामुळेच आली असं बोललं गेलं. टांकसाळीचा प्रमुख रिचर्ड शील हा कॅथलिक, त्यामुळे त्याच्या हेतूवर शंका. दोन वर्षांत नाणं बदललं. आणि याच राणीच्या हिंदुस्थानी रुपयावर सुरुवातीपासून फक्त ‘व्हिक्टोरिया क्वीन’ होतं, देवाची कृपा नाही की धर्मरक्षण नाही. लंडनमध्ये कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

इथे भडका उडाला तो वेगळ्याच कारणाने. १९११ साली पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक हत्ती होता. सोंड आखूड कोरली गेली, आणि लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमानांच्या भावना दुखावल्या, पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरून रुपया नव्याने पाडला गेला. आज संग्राहक त्याला ‘पिग रुपी’ म्हणूनच ओळखतात.

आता अमेरिका. ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे चार इंग्रजी शब्द ज्या देशाच्या प्रत्येक नोटेवर आहेत, त्या देशाच्या राज्यघटनेत देवाचा उल्लेखच नाही, आणि पहिल्या सत्तर वर्षांच्या नाण्यांवरही तो नव्हता. १८६१ च्या नोव्हेंबरात, यादवी युद्ध सुरू होऊन सात महिने झाले असताना, पेनसिल्व्हेनियातल्या मार्क वॉटकिन्सन नावाच्या धर्मोपदेशकाने अर्थमंत्री सॅल्मन चेस यांना पत्र लिहिलं. त्याची काळजी अशी, की उद्या हा देश फुटून नाहीसा झाला तर पुढच्या शतकांतले संशोधक आपली नाणी बघून आपल्याला अधर्मी ठरवतील. चेसने आठवड्याभरात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला पत्र धाडलं, की थोडक्या शब्दांत देवावरचा विश्वास सांगणारं वचन तयार करा. पण नाण्यावर काय असावं हे १८३७ च्या कायद्याने बांधून ठेवलेलं. तो बदलून १८६४ साली कांस्याच्या दोन सेंटांच्या नाण्यावर ते वचन प्रथम आलं.

मधल्या काळात काय घडलं तेही सांगायला हवं. युद्धाच्या धास्तीने लोकांनी सोनं-चांदी घरात दडवली होती आणि १८६२ पासून सरकार ‘ग्रीनबॅक’ नोटा छापत होतं, ज्यांच्या बदल्यात सोनं मिळण्याची हमी नव्हती. देव नाण्यावर आला तो असा, पैशावरचा भरवसा डळमळीत असताना. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच अर्थखात्यात चालल्या होत्या.

१९०७ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिल्पकार सेंट-गॉडन्सकडून सोन्याची नवी नाणी करवून घेतली आणि त्यांवरून हे वचन गाळलं. टीका झाल्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते वाचताना औरंगजेबच आठवतो. त्यांचं म्हणणं असं, की इतकं गंभीर वचन नाण्यावर घातल्याने भक्ती वाढत नाही, उलट ते देवाच्या विटंबनेच्या जवळ जातं. चांदीचे डॉलर हिणकस होते तेव्हा ‘उरलेल्या सेंटांसाठी देवावर भिस्त’ असे विनोद झाले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ऐकलं नाही. १९०८ च्या कायद्याने वचन परत आलं.

कागदी नोटांवर ते फार उशिरा आलं. १९५३ साली मॅथ्यू रोथर्ट नावाचे आर्कान्सामधले एक व्यापारी आणि नाणेसंग्राहक चर्चमध्ये बसले होते. दानाची थाळी फिरत आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की थाळीतल्या नाण्यांवर देवाचं नाव आहे, नोटांवर नाही. त्यांनी पत्रं लिहिली. काळ शीतयुद्धाचा, समोर ‘देव न मानणारा’ रशिया, १९५४ साली शाळांतल्या प्रतिज्ञेतही देव आणलेला. १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली, १९५६ मध्ये तेच राष्ट्राचं बोधवाक्य झालं आणि १ ऑक्टोबर १९५७ ला पहिल्या एक डॉलरच्या नोटा लोकांच्या हातात पडल्या.

मग कोर्टकचेऱ्या. धर्म आणि राज्य वेगळं ठेवणाऱ्या देशात हे चालतं कसं? १९७० साली एका अपील न्यायालयाने सांगितलं, की हे वचन देशभक्तीपर आणि औपचारिक स्वरूपाचं आहे, यात सरकार धर्म पुरस्कारत नाही. नीट पाहिलं तर हा निकाल भाविकांना जास्त झोंबायला हवा. देवाचं नाव नोटेवर राहू दिलं, कारण तिथे त्याला फारसा धार्मिक अर्थ उरलेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. आश्चर्य म्हणजे त्यांनाच तो विजय वाटला.

इतरत्र या गोष्टी शांतपणे चालू-बंद होत राहिल्या. फ्रान्सच्या सोन्याच्या नाण्याच्या कडेला ‘देव फ्रान्सचं रक्षण करो’ असायचं, १९०७ पासून तिथे स्वातंत्र्य, समता, बंधुता आली. नेदरलँड्सच्या दोन युरोच्या कडेवर ‘देव आमच्यासोबत असो’ आजही आहे. ब्राझीलच्या नोटांवर १९८६ पासून ‘देवाची स्तुती असो’ आहे. पाकिस्तानच्या नोटांच्या मागे ‘हलाल कमाई हीच उपासना’ अशा अर्थाचं वाक्य असतं, ते मला या सगळ्यांत पैशाला सर्वांत लागू वाटतं.

आपल्या नोटेवर अशोकस्तंभाखाली ‘सत्यमेव जयते’ आहे. वचन मुंडकोपनिषदातलं, पण त्यात देवाचं नाव नाही, त्यामुळे कोणाला ते फारसं खुपत नाही. चित्रांवरून मात्र वाद होतात. २००५-०६ च्या सुमारास आलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर ‘विविधतेत एकता’ दाखवणाऱ्या चार रेघा एकमेकींना छेदत होत्या, लोकांना त्यात क्रूस दिसला. २००७ पासून त्या जागी हाताच्या मुद्रा आल्या. वैष्णोदेवीच्या चित्राची पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. स्मारक नाणी केरळच्या ख्रिस्ती संत अल्फोन्सांचीही निघाली होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर लक्ष्मी-गणपतीची चित्रं छापा अशी मागणी केली आणि इंडोनेशियाचा दाखला दिला. त्यावर आमच्याकडेही नाक्यानाक्यावर चर्चा झाली. ही नोट उद्या मटणाच्या दुकानात, दारूच्या गुत्त्यावर, लाचेच्या पाकिटात जाणार, ते चालेल का, असा औरंगजेबी प्रश्न मी ऐकलेल्या चर्चेत तरी कोणी काढला नाही. कायद्याने पाहिलं तर नोटेचा नमुना रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ठरतो. बँकेचं केंद्रीय मंडळ शिफारस करतं आणि केंद्र सरकार मंजुरी देतं. नाण्यांचा अधिकार २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे थेट केंद्र सरकारचा. राहिली ती इंडोनेशियाची नोट. ती २० हजार रुपियांची, १९९८ साली निघालेली. तिच्यावर शिक्षणतज्ज्ञ की हजर देवांतारा यांच्या चित्राशेजारी गणपती होता, आणि २००८ च्या अखेरीस ती चलनातून काढून घेतली गेली होती.